जीएसटीचा दर बटणामागे लिहू नका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, 'दादा, क्लीन आर्किटेक्चरमध्ये फोल्डर किती करायचे?' फोल्डर कितीही करा. क्लीन आर्किटेक्चर म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन वेगळी, धंद्याचे नियम वेगळे, डेटाबेस वेगळा, हे तुम्हाला माहीत आहेच. अडतं कुठे ते बघू.

22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. त्या दिवसापासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. सकाळी एका डीलरचा फोन, 'स्क्रीनवर अठरा दिसतंय, छापून अठ्ठावीस येतंय!' त्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. रात्री स्क्रीनवरच्या बटणामागच्या कोडमधला आकडा बदलला होता, प्रिंटमधला राहिला होता. ट्रक भरून उभा आणि बिल निघेना. फार वाईट वाटलं.

मग दर डेटाबेसच्या टेबलात टाकला. सुटलं? नाही! 15 सप्टेंबरच्या बिलातल्या काही गोण्या ऑक्टोबरमध्ये परत आल्या आणि क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाच्या वजावटीची चिठ्ठी, 18 नं निघाली. मूळ विक्री 28 ची, मग नोटही 28 चीच हवी. म्हणजे दर काढणाऱ्या नियमाला 'आजचा दर' विचारायचाच नाही. एचएसएन, म्हणजे मालाचा कोड (सिमेंटचा 2523), आणि पुरवठ्याची तारीख द्यायची: 2523 आणि 15 सप्टेंबर, उत्तर 28. 2523 आणि 22 सप्टेंबर, उत्तर 18.

आता नीट ऐका, इथेच सगळे चुकतात. हा नियम डेटाबेसला ओळखत नाही. त्याला फक्त 'दरसूची' नावाचा इंटरफेस, म्हणजे काय विचारायचं एवढंच सांगणारा करार, माहीत आहे, आणि तो इंटरफेस नियमांच्या बाजूला राहतो, डेटाबेसच्या नाही. पटत नसेल तर नियमाच्या फाइलमधले इम्पोर्ट, म्हणजे ती फाइल बाहेरचं काय काय वापरते त्या ओळी, वाचा. तिथे एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसच्या भाषेचं, नाव दिसलं की बाण उलटा फिरला, नियम डेटाबेसवर अवलंबून झाला समजा. तरी शंका असेल तर डेटाबेस बंद करून टेस्ट चालवा. हातानं लिहिलेल्या दोन ओळींच्या दरसूचीवर ती पास झाली पाहिजे.

एकानं लिहिलंय, 'छोट्या दुकानाला एवढं कशाला?' अहो, मी मायक्रोसर्व्हिस करा, म्हणजे सॉफ्टवेअरचे वेगवेगळे चालणारे तुकडे करा, असं म्हणतच नाहीये! एकच प्रोजेक्ट, एकच सर्व्हर ठेवा. छोट्या दुकानदाराकडे तर चूक निस्तरायला अकाउंटंटची फौजही नसते.

सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वेगवेगळा कर) कधी आणि आयजीएसटी (एकत्रित कर) कधी, हा नियमही याच घरातला. तो पुढच्या व्हिडिओत. तोवर आपल्या प्रोजेक्टमध्ये 0.18 शोधा आणि किती ठिकाणी सापडलं ते खाली लिहा. मी प्रत्येकाला उत्तर देतो.