कायपर : पिंपे घडवणाऱ्याचे आडनाव

श्रोतेहो, नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ खगोलांचा जो पट्टा आहे, त्याला जेरार्ड कायपर या डच-अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. कायपर १९०५ साली उत्तर हॉलंडमधल्या एका खेड्यात, शिंप्याच्या घरी जन्मले. त्यांच्या आडनावाचा अर्थ मात्र ‘पिंपे घडवणारा’ असा आहे. शिंप्याच्या दारावर हे नाव कसे आले, हे पाहायचे तर आधी पिंपाकडे जावे लागेल.

डच भाषेत लाकडी पिंपाला किंवा हौदासारख्या पात्राला ‘कायप’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘कूपा’वरून आला, आणि ‘कूपा’ हा आपल्या ‘कूप’ शब्दाचा सगोत्र मानला जातो. ‘कायप’ करतो तो कायपर. त्याचे कसब विलक्षण होते. ओकच्या फळ्या मध्ये रुंद आणि टोकांना निमुळत्या तासायच्या, त्या गोलाकार उभ्या करून धग व ओल देत वाकवायच्या, कड्यांनी आवळायच्या आणि आतल्या खाचेत तळ बसवायचा. खिळा नाही, सरस नाही, तरी थेंब गळता कामा नये. एखादा बेत फसला की डच माणूस आजही तो ‘फळ्याफळ्यांत कोसळला’ असे म्हणतो, आणि ‘कायपन’ या क्रियापदाला पुढे कारस्थाने करणे असाही अर्थ चिकटला. प्रामाणिक कारागिराच्या शब्दावर हा अन्यायच झाला, असे मला वाटते.

मीठ लावलेला हेरिंग मासा, बिअर, लोणी असे कितीतरी काही पिंपांतूनच जाई. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, तिच्या मोठ्या जहाजांवर सुताराबरोबर कायपरही नोकरीस असे, कारण खलाशांचे पिण्याचे पाणी आणि खारवलेले मांस पिंपांतच भरलेले असे.

अशा धंद्याचे नाव गावोगाव आडनाव झाले. ‘कायपर्स’मधला शेवटचा ‘स’ षष्ठीचा, म्हणजे कायपरचा मुलगा. अ‍ॅमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम बांधणारे वास्तुकार पिएर कायपर्स यांचे आडनाव तेच. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागात, उपपद लावून ‘दे कायपर’ म्हणतात. लेखनातले फरक जुने आहेत, कारण जो तो आपल्या कानाप्रमाणे लिही.

१८१० साली नेदरलँड्स फ्रेंच साम्राज्यात सामील झाले आणि १८११च्या फर्मानाने प्रत्येक कुटुंबाला कायमचे आडनाव नोंदवणे भाग पडले. बहुतेकांना ते आधीपासून होतेच. पण नोंदवहीत गेल्यावर नाव गोठले आणि धंदा बदलत राहिला. डचमध्ये शिंप्याच्या धंद्यावरून आलेले ‘स्नायडर’ हे आडनावही आहे. परंतु तोवर कातरी हाती घेणाऱ्याने आडनाव बदलायचे दिवस संपले होते, आणि कुठल्याशा पूर्वजाचे पिंप शिंप्याच्या मुलाबरोबर अमेरिकेतल्या वेधशाळेपर्यंत गेले.