बोटांनी वाचायचं दिवाळीकार्ड

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. विळीवर आडवी कापलेली भेंडी.)

भेंडी देठाजवळ आडवी कापली की आत पाच पाकळ्यांचं फूल दिसतं. शाळेत ठसेकामाच्या तासाला ते आपण वहीभर उमटवलंय. आज तेच फूल एका दिवाळीकार्डावर जाणार आहे. कार्ड माझ्या आजीसाठी, साताऱ्याला. तिची नजर आता अधू झालीय, छापील मजकूर कुणीतरी वाचून दाखवावा लागतो. म्हणून यंदा असं कार्ड करायचंय, जे तिला स्वतः चाचपून बघता येईल.

(दृश्य: कागदाची कड, अगदी जवळून.)

हा हातकागद. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० साली उभी राहिली, त्यामुळे या शहराला तो परका नाही. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला, कडेला विस्कटलेला. ती कड मी कधीच कापत नाही. ए-फाइव्ह आकाराचा ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, तुकडा घेऊन मधोमध दुमडलाय. नुसता कागद भरतो साधारण नऊ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवायचा, कारण टपालात साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो.

हा कागद रंग पिऊन टाकतो, म्हणून आधी जेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, एक पातळ हात. वाळला की बोटाला किंचित खरखरीत लागतो आणि पुढचा रंग त्याला धरून बसतो.

(दृश्य: रांगोळीचा सपाट छापा. त्यावर पांढरी पेस्ट.)

आता माझं सगळ्यात आवडतं काम. तुळशीबागेत मिळतो तो रांगोळीचा छापा, कमळाचा. त्यातून आज रांगोळीऐवजी पेस्ट पाडायची. खडूची बारीक पूड, फेव्हिकॉल आणि पांढरा ॲक्रिलिक रंग. चक्क्याइतकी घट्ट हवी. सैल झाली तर ठिपके एकमेकांत मिसळतात. छापा कागदावर चिकटपट्टीने बसवायचा, जुन्या एटीएम कार्डाने पेस्ट एकाच दिशेने ओढायची आणि छापा सरळ वर उचलायचा. तिरका उचलला की कमळ फरफटतं. पहिलं कार्ड माझं तसंच गेलं.

आणि छापा लगेच पाण्यात टाकायचा. भोकांत पेस्ट सुकली तर पुन्हा रांगोळीला तो उपयोगी पडत नाही.

ठिपके रात्रभर वाळू द्यायचे. हेअर ड्रायरने घाई केली तर वरची साय धरते, आत ओलं राहतं आणि पाकिटात ते चेपतं.

(दृश्य: सकाळचा उजेड. एक्स-रे फिल्ममधून कापलेली कोयरी.)

जुनी एक्स-रे फिल्म स्टेन्सिलला फार छान. पातळ, तरी ताठ, आणि धुऊन पुन्हा वापरता येते. स्पंजावर रंग अगदी थोडा घ्यायचा, आधी वर्तमानपत्रावर टिपायचा, मग उभ्या हाताने टपटप ठोकायचं. ओला स्पंज असेल तर रंग फिल्मखाली शिरतो. ॲक्रिलिकचं एक बरं असतं: एकदा वाळलं की वरून ओला हात फिरवला तरी सुटत नाही. म्हणून कोयरीवर भेंडीचं फूल बिनधास्त छापता येतं. फक्त भेंडी आधी फडक्यावर टिपून घ्यायची, नाहीतर तिचा चिकट रस रंगात उतरतो.

(दृश्य: खोडरबरावर कोरलेली उलटी अक्षरं.)

राहिला मजकूर. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने ‘दिवाळी’ लिहायचं, कागद खोडरबरावर पालथा घालून घासायचा. अक्षरं आपोआप उलटी उतरतात. आता बघा, कोरताना ‘दि’ची वेलांटी दीर्घ दिसते आणि ‘ळी’ची ऱ्हस्व. हात दुरुस्त करायला धावतो. त्याला आवरायचं. कागदावर छापलं की दोन्ही वेलांट्या आपापल्या जागी येतात.

(दृश्य: वजनकाटा. पाकिटासह कार्ड.)

पाकिटासकट १७ ग्रॅम. एका तिकिटात जाईल.

पाकीट चिकटवण्याआधी मी डोळे मिटून कार्डावरून बोट फिरवते. कोयरी लागत नाही, भेंडीचं फूल जेमतेम लागतं. मग एकामागून एक ठिपके, गोल फिरत गेलेले. कमळाची पाचवी पाकळी जरा बसकी झालीय. पण मोजता येते.