चिठ्ठी हातात द्या

मित्रहो, आज मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमधल्या एकाच गोष्टीबद्दल बोलतो. एका फॉर्ममधली, म्हणजे माहिती पाहायच्या-भरायच्या एका खिडकीतली, व्हॅल्यू दुसऱ्या फॉर्मपर्यंत पोचवायची कशी?

समजा, ग्राहकांच्या यादीचा एक फॉर्म आहे. एका ग्राहकावर येऊन तुम्ही 'नवी ऑर्डर' हे बटण दाबलंत. ऑर्डरचा फॉर्म उघडला, आता त्याला ग्राहकाचा क्रमांक हवा. बहुतेक जण तो यादीच्या फॉर्ममधून थेट ओढून घेतात: फॉर्म्स!ग्राहकयादी!क्रमांक. हे चालतं, बरेच दिवस चालतं. मग कोणीतरी म्हणतं, हाच फॉर्म थकबाकीच्या यादीवरूनही उघडू द्या. त्या वेळी ग्राहकयादी उघडीच नसते आणि २४५० नंबरची एरर येते, की असा फॉर्म सापडत नाही.

आपल्याला कोणी उघडलं, हे ऑर्डरच्या फॉर्मला ठाऊक असायची गरजच काय? ज्याने उघडलं त्याने हातात चिठ्ठी द्यावी. फॉर्म उघडायची आज्ञा म्हणजे डूकमांड.ओपनफॉर्म. तिला सोबत द्यायच्या माहितीतलं सातवं, म्हणजे शेवटचं आर्ग्युमेंट, ओपनआर्ग्स, यासाठीच आहे. चिठ्ठी दिलीच नाही तर तिथे नल, म्हणजे काहीच नसणं, असतं, म्हणून वाचण्याआधी तपासा. आणि फॉर्म आधीच उघडा असेल तर तो नुसता पुढे येतो, लोड इव्हेंट, म्हणजे फॉर्म उघडताना चालणारा कोड, पुन्हा चालत नाही. स्क्रीनवर जुनाच ग्राहक राहतो आणि ऑर्डर भलत्याच्या नावावर चढते. एरर दिसत नाही, म्हणून मला याची जास्त धास्ती वाटते. मी उघडण्याआधी तो फॉर्म बंद करून घेतो.

ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या कोडला दिसणारी सामाईक जागा, मी वापरत नाही. कुठेतरी न हाताळलेली एरर आली आणि कोड तिथेच थांबवला, की त्यातलं सगळं पुसलं जातं. २००७च्या आवृत्तीपासून टेम्पव्हार्स, म्हणजे अ‍ॅक्सेस स्वतः सांभाळतं ती तात्पुरती व्हेरिएबल्स, आहेत. ते अशा वेळी टिकतात, क्वेरीतही वाचता येतात. लॉगिन केलेल्या माणसाचा क्रमांक तिथे जरूर ठेवा. एका ऑर्डरपुरता ग्राहक मात्र तिथे नको.

आता माझी एक अख्खी दुपार खाल्लेली गोष्ट. नवा ग्राहक टाइप केला, लगेच ऑर्डरचं बटण दाबलं. क्रमांक अगदी बरोबर पोचला, पण ऑर्डर सेव्ह होईना. संबंधित रेकॉर्ड टेबलात नाही, असं अ‍ॅक्सेस सांगत राहिलं. मी ओपनआर्ग्सची ओळ पुन्हापुन्हा तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. पहिलं अक्षर टाइप करताच ऑटोनंबर, म्हणजे अ‍ॅक्सेसने आपोआप दिलेला क्रमांक, दिसू लागतो, पण ग्राहक सेव्ह होईपर्यंत टेबलात नसतो! दुसरा फॉर्म उघडला म्हणून पहिल्यातलं रेकॉर्ड आपोआप सेव्ह होत नाही. उघडण्याच्या आधी रेकॉर्ड सेव्ह करणारी एक ओळ हवी होती: Me.Dirty = False. तेव्हापासून ही ओळ मी आधी लिहितो, ओपनफॉर्म नंतर.

परतीच्या वाटेकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. तारीख निवडायचा छोटा फॉर्म घ्या. तो डायलॉग मोडमध्ये उघडा. मग उघडणारा कोड त्याच ओळीवर थांबतो, फॉर्म बंद होईपर्यंत किंवा लपेपर्यंत. हे 'लपेपर्यंत' फार कामाचं आहे. 'ठीक' या बटणाने फॉर्म बंद करू नका, नुसता व्हिजिबल फॉल्स करा. थांबलेला कोड पुढे सरकतो, लपलेल्या फॉर्ममधली तारीख वाचतो आणि मग स्वतः तो फॉर्म बंद करतो. इथे पुढच्या फॉर्ममध्ये डोकावलेलं चालतं, कारण त्याला आपणच उघडलेलं असतं. वापरणाऱ्याने कोपऱ्यातली फुली दाबली, तर वाचायला फॉर्मच उरत नाही. म्हणून तारीख उचलण्याआधी तो फॉर्म अजून लोड आहे का, हे विचारा. नसेल, तर त्याने निवड रद्द केली आहे असं धरा आणि जुनी तारीख तशीच राहू द्या.