एकूण वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीचा पहिला आठवडा. तूर कापायला आलेली, पऱ्हाटीचा दुसरा-तिसरा वेचा चालू, रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जावं तर हात बधिर होतात अशी थंडी. या दिवसांत आमच्या गावात कुणाला सवड नसते. मलाही नसते. पण गेली काही वर्षं मी या दिवसांत रोज संध्याकाळी तासभर काढतोच, आणि पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसतो. तिथे मोबाईलला रेंज येते. मी तिथे बर्फावरची शर्यत बघतो. आज त्याच शर्यतीविषयी बोलायचं आहे. तिचं नाव टूर द स्की.

स्की म्हटलं की डोंगरावरून सुसाट खाली घसरणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. तो खेळ वेगळा. मी सांगतो आहे तो क्रॉस-कंट्री. यात सपाटीवर पळायचं, चढ चढायचा, उतार उतरायचा, आणि सगळं स्वतःच्या दमावर. पायात माणसापेक्षा लांब, अरुंद पट्ट्या, टाच मोकळी, दोन्ही हातांत काठ्या. बर्फावर काठी टोचून अंग पुढे ढकलायचं. हात, पाय, पाठ, पोट, सगळं एकदम कामाला लागतं.

आणि ही शर्यत एका दिवसाची नाही. हे नीट ऐका, पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. ही शर्यत टप्प्याटप्प्यांची आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, रोजचा टप्पा, रोजचा मुक्काम, ते आपल्याला माहीत आहे. तसेच टप्पे इथे. नॉर्वेचा ऑलिम्पिक विजेता वेगार्ड उलवांग आणि स्वित्झर्लंडचा युर्ग कापोल यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि 2006 च्या शेवटी पहिली शर्यत झाली. तेव्हापासून नव्या वर्षाच्या आगेमागे ती होते. आठ-दहा दिवसांत सहा-सात टप्पे, कधी स्वित्झर्लंड, कधी जर्मनी, आणि शेवट इटलीत. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला तो लिहून ठेवतात आणि रोजच्या रोज मिळवत जातात. ज्याचा एकूण वेळ सगळ्यात कमी, तो जिंकला. एकूण वेळ. एका दिवसाचा नाही, एकूण.

टप्पे सारखे नसतात. एक दीडेक किलोमीटरचा, सहा-सहा जणांच्या फेऱ्यांचा. एक दहा किलोमीटरचा, एक वीसचा. काही टप्पे जुन्या चालीचे, त्यात यंत्राने बर्फात दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि दोन्ही पाय त्यातूनच न्यावे लागतात. काही मोकळ्या चालीचे, त्यात पाय तिरपे फेकत जायचं. जुन्या चालीला पट्टीच्या मधल्या भागाखाली चिकट मेण लावतात. त्या दिवशीच्या बर्फाला मेण जुळलं तर चढावर पाय धरून राहतो, नाही जुळलं तर मागे सरकतो. बैलगाडीला वंगण घालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय काही टप्प्यांत पुढे राहणाऱ्यांना बक्षीस म्हणून काही सेकंद मिळतात, ते एकूण वेळातून वजा होतात. नियम एवढेच पुरेत.

मी एक वही ठेवतो. दोनशे पानी, शाळेतली. डाव्या पानावर बायका, उजव्या पानावर पुरुष. पहिल्या वीस जणांचा एकूण वेळ आणि पुढच्यापासून तो किती मागे आहे ते. पहिल्या माणसाकडे बघण्यात खरी गंमत नाही असं माझं मत आहे. नॉर्वेचा क्लेबो म्हणा, 2023 मध्ये तो पहिले सहाच्या सहा टप्पे जिंकला. त्याच्याकडे सगळे बघतात. तुम्ही चौथ्या ते दहाव्याकडे बघा. आज पाच सेकंद गेले, उद्या तीन मिळवले, परवा ताप आला. पोलंडची युस्टिना कोवाल्चिक 2010 पासून 2013 पर्यंत ओळीने चार वर्षं जिंकली. अमेरिकेची जेसी डिगिन्स 2021 मध्ये जिंकली, त्या देशाची पहिलीच. या दोघींची नावं मला पाठ आहेत. पण वहीतले जास्त रेघोटे आहेत ते आठव्या-नवव्या नंबरावरच्या माणसांचे.

इथे थोडं वेगळं बोलतो. पहाटे पाचला आमच्या फाट्यावर पोट्टे पळतात, पोलीस भरतीसाठी. डांबरी रस्त्यावर, अंधारात, बाजूने ट्रक जातात. पळताना कुणीतरी मोबाईलवर वेळ लावतो आणि ओरडून सांगतो. एवढी मेहनत करणाऱ्या मुलांना गावात एक मातीची धावपट्टी मिळू नये याचं मला फार वाईट वाटतं. चार गुंठे नव्हे, पण एक एकर तरी गावाने सोडावं. समाजमंदिरं झाली, प्रवेशद्वारं झाली, आता मैदान करा. असो.

आता शेवटचा टप्पा. इटलीत वाल दि फिएम्मे म्हणून दरी आहे, तिथला डोंगर आल्पे चेर्मिस. बाकीचे लोक ज्या उतारावरून खाली घसरत येतात, त्याच उतारावर ही माणसं खालून वर चढतात. साडेतीन किलोमीटरच्या आसपास चढ, उंची चारशे मीटरच्या वर, आणि सगळ्यात उभ्या ठिकाणी शंभर पावलं पुढे गेलात तर अठ्ठावीस पावलं वर. रामटेकचा गड चढताना मध्येच थांबून गुडघे धरणारे आपण. हे लोक सहा टप्पे अंगावर घेऊन इथे येतात. पायात निसरड्या पट्ट्या. थांबता येत नाही, थांबलं की मागे सरकायला होतं.

तर 8 जानेवारी 2023. रविवार.

आमच्याकडे त्या दिवशी अंगणात कापसाचा काटा लागलेला होता. सोमवारी बाजार असतो, म्हणून वेचणाऱ्या बायांचा हप्त्याचा हिशेब रविवारी संध्याकाळी होतो. त्या वर्षी भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवला होता. आमच्याही दोन खोल्या छतापर्यंत भरलेल्या, झोपायला जागा नाही, पोरांच्या अंगाला खाज. कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगलेला. गाठोडं आकड्याला लावायचं, ते थांबेपर्यंत वाट बघायची, आकडा वाचायचा, वहीत लिहायचं. हा कारभार मोठ्या मायचा. मोठी माय म्हणजे माझी मोठी काकू. तिचं अक्षर अजून शाळेतल्या पोरीसारखं गोल आहे.

मी त्या दिवशी टाकीजवळ न जाता अंगणातल्या ओट्यावर बसलो होतो. कशी कोण जाणे, तिथे रेंज येत होती. तिकडे इटलीत दुपार, इकडे उन्हं उतरलेली. साडेचार तासांचं अंतर. बायकांचा शेवटचा टप्पा चालू होता.

स्वीडनची फ्रिडा कार्लसन, तेवीस वर्षांची, एकूण वेळात सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या देशाची एकच बाई, शार्लोट कल्ला, आधी ही शर्यत जिंकली होती, तीही 2008 मध्ये. आणि त्या चढावर तिचं अंग गेलं. फ्रान्सची डेल्फिन क्लोदेल पुढे निघून गेली. फ्रिडाची काठी बर्फात रुतायची आणि तिला उपसून काढायला वेळ लागायचा. एक पाय पुढे, मग थांबल्यासारखं, मग दुसरा.

मी आवाज मोठा केला असेन, कारण मोठी माय उठून आली.

"कोन व्हय थे? अशी कायले चालून राहिली?"

"थकली ना मोठी माय."

"मंग बसत कायले नाई?"

"बसली तं हरते."

"पुढची तं गेली निंगून. हरलीच ना मंग."

मी म्हणालो, नाही, एकूण वेळ मोजतात. आज मागे राहिली तरी चालते, पण जास्त मागे राहिली तर नाही. आधीच्या सहा दिवसांत तिनं कमावून ठेवलं आहे, ते आता खर्च होऊन राहिलं. ते संपायच्या आत तिला वर पोचायचं आहे.

मोठी माय मोबाईलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आपला हप्ताच झाला."

एवढं म्हणून तिनं बायांना हाक मारली. दहा-बारा जणी माझ्याभोवती उभ्या राहिल्या. काट्याला एक गाठोडं तसंच लटकत होतं, हळूहळू फिरत होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मध्येच चित्र अडकलं, गोल फिरायला लागलं. कुणी काही बोललं नाही. चित्र आलं तेव्हा फ्रिडा शेवटच्या थोड्या अंतरावर होती आणि झोकांड्या खात होती. एक म्हातारी वेचणारीण म्हणाली, "आयच्यान, पडते आता." ती रेघ ओलांडेपर्यंत पडली नाही. रेघ ओलांडली आणि पडली, बर्फातच. माणसं धावली तिच्याकडे.

क्लोदेल त्या दिवशी पहिली. फिनलंडची केर्तू निस्कानेन एकूण वेळात दुसरी. आणि एकूण वेळात पहिली, फ्रिडा कार्लसन. मी सांगितलं, जिंकली. बायांपैकी दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्या तशाच बघत होत्या, ती उठते की नाही ते.

इथपर्यंत गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. आता पुढची सांगतो.

काटा पुन्हा सुरू झाला. नेहमी मोठी माय त्या दिवशीचं वजन मोठ्याने वाचते, बेरीज मनात करते आणि पैसे हातावर ठेवते. त्या दिवशी एक बाई, कधी जास्त न बोलणारी, पुढे आली आणि म्हणाली, "बाई, माहं एकूण वाचा पहिले. रोजचं रोजचं वाचा."

मोठी मायनं वाचलं. सोमवार 38. मंगळवार 42. बुधवार, काही नाही. गुरुवार 40.

"बुधवारी होती ना मी," ती बाई म्हणाली.

मोठी मायनं माझ्याकडे बघितलं. बुधवारी ती लग्नाला गेली होती आणि काट्यावर मी होतो. 4 जानेवारीला. त्या संध्याकाळी जर्मनीत ओबर्स्टडॉर्फचा टप्पा होता आणि माझ्या हातात मोबाईल होता. मला ते गाठोडं आठवलं. निळ्या लुगड्यात बांधलेलं, एका टोकाला गाठ सुटून कापूस बाहेर आलेला. आकडा मी वाचला होता, 31. तोंडानं म्हणालो होतो आणि लिहिला नव्हता. माझ्या स्वतःच्या वहीत मात्र त्या दिवशीचे वीसच्या वीस बाया आणि वीसच्या वीस पुरुष लिहिलेले होते, सेकंदासकट.

मी तिथेच कबूल केलं. मोठी मायनं 31 लिहिलं, दहा रुपयांच्या भावाने तीनशे दहा रुपये तिच्या हातावर ठेवले. मला ती काही बोलली नाही. त्या बाईनं पैसे मोजले, पदराला बांधले आणि बाकीच्यांचं एकूण ऐकायला खाली बसली. त्या दिवशी सगळ्यांचं एकूण वाचलं. अंधार पडला, बल्ब लावला, तरी वाचलं. आणखी कुणाचं काही चुकलेलं नव्हतं.

यावर माझं एक मत आहे आणि ते मी रेडिओवरून सांगतो. काटा बाईच्या डोळ्यांसमोर थांबला पाहिजे, आकडा मोठ्याने वाचला पाहिजे, आणि लिहिलेलं तिला त्याच दिवशी वाचून दाखवलं पाहिजे. दवाने कापूस ओला आहे म्हणून किलो-दोन किलो कापतात काही ठिकाणी, तेही तोंडावर सांगून कापावं. पाठीमागून नाही.

तुम्हाला ही शर्यत बघायची असेल तर येत्या वर्षाखेरीला सुरुवात करा. आपल्या देशातही हा खेळ आहे. गुलमर्गला, औलीला शर्यती होतात. ताशी लुंडुप 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकमध्ये क्रॉस-कंट्रीत उतरला होता, जगदीश सिंग 2018 मध्ये प्योंगचांगला. पहिल्या दिवसापासून बघा. मध्येच शेवटचा चढ बघितला तर नुसती दमलेली माणसं दिसतील, कोण किती घेऊन वर आलं ते कळणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून बघा, आणि वही ठेवा. एकूण वेळ लिहा.

आमच्या अंगणात आता रोज संध्याकाळी एकूण वाचतात. मोठी मायची नजर कमी झाली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं आहे. काटा चालू असताना मोबाईल मी घरात फळीवर ठेवून येतो. शेवटचं गाठोडं उतरलं, शेवटच्या बाईचं एकूण वाचून झालं, की मोठी माय ओट्यावर सरकून जागा करते आणि म्हणते, "आन आता. कुठवर गेल्या थ्या बाया, पाहू."

नमस्कार.