पट साठच्या आत

सकाळचे साडेदहा वाजलेत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरायला लागलीत, आणि तिथनं जवळच महापालिकेच्या या शाळेत प्रार्थना संपून पोरं वर्गात शिरलीत. वर्ग म्हणजे खोली एक आणि इयत्ता दोन. खिडकीकडं तोंड करून दुसरी, फळ्याकडं तोंड करून तिसरी, आणि मधे बाई एकट्या.

असं का, तर सगळा खेळ पटाचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन, ६१ झाला की तीन. आता पाच इयत्ता आणि माणसं दोन, त्यातल्या एकाकडं मुख्याध्यापकाचा चार्ज, म्हणजे यू-डायस, शाळेच्या माहितीचा सरकारी ऑनलाइन फॉर्म, भरा, पोरांचे आधार जुळतात का बघा, पोषण आहाराचा रोजचा आकडा टाका, इलेक्शन आलं की मतदारयादी घेऊन गल्लीबोळ फिरा, आणि यातनं वेळ उरला तर शिकवा.

म्हणून उन्हाळ्यात बाई घरोघरी जातात, पोरं आमच्याकडं घाला म्हणून. लोक चहा पाजतात, मान देतात, आणि जूनमध्ये पोराला इंग्लिश मिडियमच्या पिवळ्या गाडीत बसवतात. त्यांना तरी काय बोलणार, आपलं पोर पुढं जावं असं कुणाला वाटत नाही? मागं उरतात ती हमालांची, धुणंभांडी करणाऱ्यांची, कुपवाड एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्यांची पोरं. कुणाच्या घरात कन्नड, कुणाच्या घरात हिंदी, आणि पुस्तक मराठी.

तिसरीतली ही पोरगी बघा. शब्दाखाली बोट ठेवून वाचतीय. पा... व... सा... इथपर्यंत बरोबर येते, आणि 'ळ्या' आला की बोट थांबतं, मान वर, नजर बाईंकडं. हीच पोरगी आईसोबत भाजी विकायला बसते. ४० रुपये किलो भेंडी तर पावशेर कितीला, विचारा, प्रश्न संपायच्या आत दहा म्हणते. पण वहीत हातच्याची वजाबाकी मांडली की अडकली. डोकं कमी नाही हो, दिवस कमी पडलेत. आई आजारी पडली की धाकट्या भावाला हीच सांभाळणार, आठवडाभर शाळा बंद.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला परत पूर, आणि मधे लॉकडाऊन, घरात मोबाईल एकच आणि तो बापाच्या खिशात. त्या वर्षांत पहिली-दुसरीत असलेल्या पोरांचा पाया कच्चा राहिला तो राहिलाच, आणि आता २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावं लागतं, नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही गेलं तर तोच वर्ग. पाचवीत नापास झालेलं पोर परत शाळेत येईल का, बाईंना सगळ्यात जास्त धास्ती याची.

दुपारी खिचडीच्या रांगेत हजेरी पक्की कळते. आज ती पोरगी रांगेत होती.

पुढच्या सोमवारी नव्हती, मंगळवारीपण नाही. शाळा सुटल्यावर बाई तिचं मराठीचं पुस्तक पिशवीत घालून निघाल्या, आम्ही कॅमेरा घेऊन मागं. खोलीला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "भाऊ तापानं फणफणलाय, दवाखान्यात गेल्यात सगळी."

बाईंनी पुस्तक शेजारणीकडं दिलं. 'पावसाळ्यात'चं पान दुमडून ठेवलं होतं.