पाणी चढवायचं नाही, फिरवायचं आहे

घरच्या पोहण्याच्या तलावाचा पंप गेला की कमी वीज खाणारा नवा कसा निवडायचा, हे सांगायला मला उभं केलंय. सांगतो. पण आधी माझा मूर्खपणा ऐका.

माझा जुना पंप एक हॉर्सपॉवरचा. आधी बेअरिंग किंचाळायला लागलं, मग शाफ्टच्या सीलमधून थेंब, मग एका सकाळी नुसतं घूंऽऽ आणि शांत. मेकॅनिक आला, उकिडवा बसला, पंखा स्क्रूड्रायव्हरने ढोसून म्हणाला, "साहेब, बदलायचाच तर दोनचा घ्या. पाणी कसं जोरात येईल!" जोरात म्हटलं की आपण विरघळतो. (हशा) घेतला दोनचा.

पहिल्या दिवशी पोरं धारेला पाठ लावून खिदळत होती. मी कृतार्थ! संध्याकाळी पंपापाशी गेलो तर आतून खडे चाळल्यासारखा आवाज. सक्शनचा पाइप जुनाच, दीड इंची. पंप मागतोय तेवढं पाणी त्यातून येईना, इम्पेलरपाशी, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्रापाशी, वाफेचे बुडबुडे होऊन फुटत होते. वाळूच्या फिल्टरच्या गेजचा काटा वर चढलेला. पाणी इतक्या जोरात घुसलं की वाळूत वाटा पडल्या आणि गाळ पलीकडून परत तलावात. आठवड्याने बायको म्हणाली, "पूर्वी तळ दिसायचा." म्हणजे जास्तीची वीज जाळून मी पाणी गढूळ करत होतो!

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. पंप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गच्चीवरची टाकी येते. तिथे पाणी चढवायचं असतं, वेग कमी केला तर ते मध्येच अडकेल. तलावाचं पाणी निघतं त्याच पातळीला परत येतं. पंप झगडतो तो फक्त पाइप, बेंड, व्हॉल्व्ह आणि फिल्टर यांतल्या घर्षणाशी. इथे प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गात आणि वीज वेगाच्या घनात बदलते. वेग निम्मा, वीज एक-अष्टमांश! मागचे काका मान हलवतायत. वेळ दुप्पट लागेल, असंच ना? लागू द्या. 8 तासांऐवजी 16. तरी एकूण वीज चौथा हिस्सा. मोटार आणि कंट्रोलर आपापला वाटा खातात, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी नाही वाचत, पण निम्म्याहून जास्त वाचू शकते.

चिठ्ठी आली, तीन मिनिटं. बरं, निवड!

तलावाचे लिटर काढा. 60,000 लिटर 8 तासांत एकदा फिरवायचं तर मिनिटाला 125. तेवढ्या प्रवाहाला पंप किती वॉट घेतो, हे त्याच्या आलेखावर बघा. हॉर्सपॉवरवर जाऊ नका, तो मोटारीच्या ताकदीचा आकडा, मीटरवर पडणाऱ्या विजेचा नव्हे. घ्यायचा तो व्हेरिएबल स्पीडचा, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा, आणि परमनंट मॅग्नेट, म्हणजे कायमचुंबक असलेल्या मोटारीचा. अमेरिकेत जुलै 2021 पासून तलावाच्या पंपांना किमान कार्यक्षमतेची अट आहे. वेग किती उतरवायचा? पृष्ठभागावरचा कचरा ओढणारा स्किमर ओढत राहील आणि हीटर, मिठापासून क्लोरीन बनवणारा क्लोरिनेटर बंद पडणार नाहीत इतपतच. बॅकवॉशला, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, मात्र वाढवा. आणि पंपाच्या तोंडाशी लगेच एल्बो नको, थोडा सरळ पाइप द्या.

अध्यक्ष उठले, मीही आवरतो. माझा असा नवा पंप आता दिवसभर चालतो. चालू आहे की नाही, ते पंपाच्या कचरा अडवणाऱ्या बास्केटच्या काचेसारख्या झाकणातून डोकावून बघावं लागतं. परवा तोच मेकॅनिक आला, पंपाशी क्षणभर कान लावला आणि म्हणाला, "साहेब, हाही गेला वाटतं."