हिशेब सगळ्यांचाच हवा
(टोरांटोतील मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

आमच्या सोलापुरात निवडणूक लागली की उमेदवाराच्या खर्चाची वही सुरू होते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोखीचा, पिवळ्यावर बँकेचा. चहा, खुर्च्या, मंडप, रिक्षावरचा भोंगा, सगळ्यांचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं. विधानसभेला मर्यादा ४० लाखांची.

पण त्याच उमेदवाराच्या पक्षाला मर्यादा नाही! १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला, तर सरकारने लगोलग वटहुकूम काढून कायदाच बदलला. २००३ मध्ये ती पळवाट पुष्कळशी बुजवली, तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही मोकळाच आहे.

म्हणून सुधारणेचा कुठलाही कायदा आला की मी आधी पाहते, करणाऱ्याने स्वतःला काय लावून घेतलंय.

आता इथलंच बघा. ओंटारियोत २०१७ पासून कंपन्या आणि कामगार संघटना पक्षांना देणगी देऊ शकत नाहीत. शिक्षकांच्या आणि इतर कामगारांच्या संघटना आधीपासूनच स्वतंत्र जाहिराती करत होत्या, तर त्याच कायद्याने त्यांच्यावरही खर्चाची मर्यादा आली. २०२१ मध्ये ६ लाख डॉलरची तीच मर्यादा सहा महिन्यांऐवजी निवडणुकीआधीच्या पूर्ण वर्षाला लावली. पक्षांवरचं बंधन मात्र शेवटच्या सहाच महिन्यांचं राहिलं. संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. मला हा निकाल योग्य वाटतो.

अमेरिकेत २००२ च्या कायद्याने पक्षांकडे येणारा अमर्याद पैसा अडवला. तो बाहेरच्या गटांकडे वळला आणि कोर्टाच्या २०१० च्या निकालांनंतर सुपर पॅक, म्हणजे प्रचारावर अमर्याद खर्च करू शकणारे स्वतंत्र गट, उभे राहिले.

भारतात उद्योगांच्या संघटनांनी झगडा मांडला तो गुप्ततेसाठी. देणगीदाराचं नाव गुप्त ठेवून पक्षाला पैसे देण्याचे निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात घटनाबाह्य ठरले. पुढे कुणाचा रोखा कुठल्या पक्षाने वटवला ते जुळवता येईल असे क्रमांक जाहीर व्हायची वेळ आली, तेव्हा फिक्की आणि असोचॅम या उद्योगांच्या संघटना विरोध करायला कोर्टात उभ्या राहिल्या. कोर्टाने त्यांचं ऐकून घेतलं नाही, हे फार बरं झालं.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांचीही संघटना असते. तिच्याकडे रोखे नसतात, वर्गणी असते, आणि ती वर्गणी उघड असते. मोठ्या देणगीदारांकडून मी तेवढंच मागते.

गावी गेलात तर एक काम करा. निकालानंतर तीस दिवसांत उमेदवाराला हिशेब द्यावा लागतो. तो जिल्हा निवडणूक कार्यालयात कुणालाही पाहता येतो, प्रतही मिळते. आपल्या मतदारसंघाचा मागून घ्या आणि मंडपाचा खर्च आधी वाचा.